बाई, हा तंगूस तुमचाच ना?

बालमित्रांनो, फळ्यावर बाईंची बेरीज चुकली की तुम्ही लगेच ओरडता, "बाई, हातचा राहिला!" हो ना? आज मी तुम्हांला माझी एक चूक सांगणार आहे. ती फळ्यावरची नव्हती, त्यामुळे डस्टरने पुसता आली नाही.

मी मूळची सोलापूरची. डी.एड. झाले आणि नोकरी लागली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राकाठच्या शाळेत. आमच्याकडे नदीला पाणी आलं तरी लोक बघायला जातात. इथं तर दारापुढे अख्खा समुद्र! माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी आजोबांबरोबर खडकांवर मासे गरवायला जायची. गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं. आजोबांकडे ना काठी, ना रीळ. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला शिशाचं वजन, गळ आणि गळाला कोळंबीचा तुकडा. एवढ्यावर ते कधी शिंगाळा काढत, कधी तांबोशी.

मलाही हौस आली. दिवाळीच्या सुट्टीत मी शहरातल्या दुकानातून काठी, सगळ्यांत चकचकीत दिसणारं रीळ आणि सगळ्यांत जाड निळा तंगूस घेऊन आले. म्हटलं, जाड ते मजबूत!

पहिल्याच रविवारी ऐटीत गळ फेकला. वजन दहा पावलांवर "डुबुक" झालं आणि रिळावर दोऱ्याचं हे एवढं घरटं तयार झालं! मुलगी खुदकन हसली. आजोबा म्हणाले, "बाई, हा दोरा नाय, दोरखंड हाय. आणि हे रीळ शिकलेल्या हाताचं."

त्यांचं खरं होतं. माझ्या रिळाची फिरकी फेकताना स्वतः गरगर फिरते. अंगठ्याने वेळेवर आवरली नाही, तर दोरा गुंतलाच. नवशिक्याने घ्यावं ते दुसऱ्या प्रकारचं रीळ. त्यात फेकताना फिरकी जागेवर स्थिर राहते आणि दोरा तिच्या कडेवरून सरसर सुटतो. १९०५ साली इंग्लंडच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या सुताच्या कांडीवरून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. पाहा, मी मागांच्या गावची! धोट्यातली कांडी लहानपणापासून पाहिलेली, पण दुकानात ती आठवली नाही. या रिळांवर आकाराचा आकडा असतो. खडकांवरून किंवा धक्क्यावरून गरवायला ३००० किंवा ४००० पुरे.

आता दोरा. पाकिटावर जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद किलोत लिहिलेली असते. जाड दोरा लांब जात नाही, वेटोळी सोडत नाही आणि पाण्याचा ओढा त्याला वाहवत नेतो. फार बारीक दोरा खडकावरच्या कालवांनी कापला जातो. म्हणून ०.३५ मिलिमीटरच्या आसपासचा, सात-आठ किलोचा साधा नायलॉन घ्यावा. तो थोडा ताणला जातो, त्यामुळे माशाचा हिसका सोसतो. विणलेला दोराही मिळतो. तो बारीक असून मजबूत, पण महाग. शिवाय बोट कापतो. तो नंतर कधीतरी.

रिळावर दोरा काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलिमीटर कड मोकळी ठेवा. रिळाला एक चाप असतो. मासा जोरात ओढू लागला की तो दोरा थोडा थोडा सोडतो. आठ किलोच्या दोऱ्याला दोन किलोच्या ओढीला चाप सुटेल, असा ठेवावा. मी तो शाळेतल्या ताणकाट्यावर लावून घेतला. विज्ञानाचा तासही झाला! गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून नायलॉन दुबळा होतो. आणि घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. नाहीतर खारं पाणी ते खाऊन टाकतं.

हे सगळं मी नंतर शिकले. त्या रविवारी मात्र वैतागून मी सगळा गुंता कापला आणि खडकांच्या फटीत कोंबला. वर्गात "कचरा कुठे टाकायचा?" असं विचारणारी मीच बरं का!

पुढच्या रविवारी ती मुलगी धावत आली आणि हात धरून मला खडकांकडे घेऊन गेली. तिथे एक बगळा फडफडत होता. पायाला निळा दोरा करकचून आवळलेला.

"बाई, हा तंगूस तुमचाच ना?"

मुलांनो, तिच्या आवाजात राग नव्हता. नुसता प्रश्न होता. म्हणूनच मला मान वर करवेना. मी म्हटलं, "हो, माझाच."

आजोबांनी बगळ्याच्या डोक्यावर टॉवेल टाकून त्याला शांत केलं आणि कात्रीने एकेक फेरा कापला. दोरा कातडीत रुतला होता. बगळा उडाला, पण एक पाय लोंबतच होता. पुढे त्याचं काय झालं, कोण जाणे.

सोमवारी मी हे सगळं वर्गात सांगितलं. नायलॉन कुजत नाही. वर्षानुवर्षं पाण्यात राहतो आणि पक्ष्यांना, कासवांना अडकवतो, हेही सांगितलं. आता माझ्याकडे साधं रीळ आहे, बेताचा तंगूस आहे आणि तुटके तुकडे भरायला बरणी आहे. ती बरणी सांभाळते तीच मुलगी.

तुम्ही गरवायला जाल तेव्हा मोठ्या माणसांबरोबरच जा, भरतीची वेळ विचारून जा. आणि निघताना खडकावर नजर फिरवा. तुमचा एखादा तुकडा राहिला नाही ना?