हात बांधलेला, गळा मोकळा

बेस वाजवत गायचं म्हणजे एकाच वेळी तीन कामं. उजवा हात ड्रमच्या किकला धरून असतो, डावा पुढच्या स्वराकडे निघालेला असतो आणि गळ्याला शब्दांची स्वतःची चाल असते. गिटार छेडत गाणारा थोडा शब्दांमागे वाहवला तरी निभावतं. बेसवाला वाहवला की अख्खा बँड हलतो.

म्हणून मी पुन्हा पुन्हा बेस वाजवत गाणाऱ्या फिल लायनटकडे जातो. डब्लिनच्या क्रमलिन भागात आजीकडे वाढलेला हा मुलगा आधी नुसता गायक होता. 'स्किड रो' बँडमधून त्याला काढलं ब्रश शील्सने, आणि मग बेस शिकवला तोही शील्सनेच. 1969 मध्ये त्याचा 'थिन लिझी' बँड उभा राहिला; ड्रमवर शाळासोबती ब्रायन डाउनी.

आधी गळा, मग बेस. हा क्रम त्याच्या वाजवण्यात ऐकू येतो. 'थिन लिझी'च्या 'जेलब्रेक' गाण्यात पिकचे ठोक, एकसारखे आघात. शोभेचं काम जवळजवळ नाहीच. 1976 च्या 'द बॉइज आर बॅक इन टाउन'मध्ये गावात परतलेल्या दोस्तांची खबर तो गातो की सांगतो, कळत नाही. शब्द कधी तालामागे रेंगाळतात, कधी ओळ घाईत आटोपते. हात मात्र शफलचा ताल सोडत नाही. पोवाड्यात गोष्ट शाहीर सांगतो आणि तुणतुणं झिलकरी सांभाळतो. लायनट दोन्ही एकटा करतो.

माझा रियाज यातूनच बेतलेला आहे. बेसची ओळ मंद लयीत धरायची आणि वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा. पहिल्याच पूर्णविरामाला बोटं थबकतात. वाक्य संपलं की त्यांनाही थांबावंसं वाटतं. ती ओढ सुटली की मगच गाण्याचे शब्द घ्यायचे. तरीही एखादा शब्द आघाताशी भांडलाच, तर मी शब्द सरकवतो, स्वर नाही.

निव्वळ बेसवादक म्हणून जॅक ब्रूस कितीतरी मोठा. पण गाणाऱ्या बेसवाल्याचा गुरू मी लायनटलाच मानतो. 4 जानेवारी 1986 ला, अवघ्या 36 व्या वर्षी, तो गेला; व्यसनांनी शरीर पोखरलं होतं. बेस शिकणाऱ्यांनी त्याचा 'लाइव्ह अँड डेंजरस' हा अल्बम जरूर लावावा. एकदा फक्त गळा ऐका, मग पुन्हा लावून फक्त बेस.