माझा पत्ता आणि कढीपत्ता

आपल्या ऑफिसात ऋतू चारच. क्यू वन, क्यू टू, क्यू थ्री आणि अप्रेझल! बाहेर मे असो की जुलै, आत एसी चोवीसवर. पुण्यात खरोखर कोणता ऋतू चाललाय, हे मला कळतं ते खिडकीच्या ग्रिलमधल्या चार कुंड्यांमुळे.

थंडी कोथिंबिरीची. दिवाळीच्या आसपास धणे घ्यायचे, लाटण्यानं हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करायचे (एका धण्यात दोन बिया असतात), रात्रभर भिजवून पेरायचे. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही. मग एका सकाळी हिरवे ठिपके! साधारण दीड महिन्यात पोह्यांवर भुरभुरण्यापुरती सोय होते. फक्त मुळासकट उपटू नका. बाहेरच्या काड्या कात्रीनं कापा, मधला कोंब ठेवा. तीच कुंडी आणखी एक-दोनदा देते.

मार्चमध्ये मात्र मॅडमचा मूड बदलतो. ऊन तापलं की पानं बारीक होतात, मधून उंच दांडा येतो आणि त्यावर पांढरी फुलं. कितीही पाणी घाला, आता भरगच्च पानं नाहीत म्हणजे नाहीत. ‘अर्जंट’ हा शब्द तिला कळतच नाही. फुलं राहू द्या. हिरवे धणे चटणीत घालून बघाच, आणि वाळतील ते पुढच्या दिवाळीचं बियाणं.

उन्हाळा पुदिन्यावर निघतो. बाजारच्या जुडीतल्या जाडसर काड्या पाण्यात ठेवल्या की आठवडा-दहा दिवसांत मुळं फुटतात. या साहेबांना केबिन वेगळी लागते, कारण शेजाऱ्याच्या मातीत ते बिनधास्त घुसतात. दुपारचं ऊन अडवा, माती ओलसर ठेवा. पानांच्या जोडीच्या वर शेंडा खुडला की तिथून दोन फांद्या फुटतात.

पावसाळा अर्थातच गवती चहाचा. बाहेरची पात बुंध्यापासून चार बोटं वर कापायची. जरा जपून हं, कडा धारदार असतात! आल्यासोबत उकळली की भिजून आलेल्या माणसाचा ट्रॅफिकवरचा राग अर्धा उतरतो.

आणि कढीपत्ता? त्याला घाई नाही. थंडीत तो जवळपास झोपतो, उन्हाळा लागला की नवी पालवी काढतो. पहिली दोन वर्षं तरी तोडताना हात आखडताच ठेवायचा. आपलं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं, त्याचा हिशेब वर्षांचा!

माझं रोप साताऱ्याच्या आमच्या परसातलं. मोठ्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं पिल्लू आईनं मातीसकट काढून एसटीनं आणलं. पुढे ते घर विकलं. झाड तिथेच राहिलं. तेव्हापासून मी तीन फ्लॅट बदलले. दर वेळी टेम्पोवाला म्हणतो, ‘हे कशाला, नवीन घ्या की!’ दर वेळी कुंडी माझ्या मांडीवर बसून नव्या घरी जाते. आई फोनवर आधी त्याची खबर विचारते, मग माझी.

आता तो खांद्याएवढा झालाय. रविवारी आमटीला फोडणी देताना दोन डहाळ्या तोडते आणि सगळ्या फ्लॅटला आमच्या जुन्या स्वयंपाकघराचा वास येतो. माझा पत्ता बदलत राहतो. कढीपत्ता तोच आहे.