आधी आडनाव, मग अश्रू

‘यंग अडल्ट’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? व्हॅम्पायर, जादूची शाळा, नाहीतर कॉलेजमधला लव्ह ट्रँगल. थोडक्यात, तिशी ओलांडल्यावर लोकलमध्ये कव्हर झाकून वाचायचा माल! पण याच कप्प्यात गेल्या काही वर्षांत एक वेगळी नायिका येऊन बसलीय. वय सोळा-सतरा, घर अमेरिकेत, धर्म मुस्लिम. आणि आसपास कुठेतरी बॉम्ब फुटलाय.

समीरा अहमदचं ‘लव्ह, हेट अँड अदर फिल्टर्स’ (२०१८) घ्या. लेखिका जन्मली आपल्या मुंबईत, वाढली इलिनॉयमधल्या बटाव्हियात. तिची माया अझीझही तिथलीच. आईबाबा डेंटिस्ट, लेकीला मात्र न्यूयॉर्कला जाऊन फिल्ममेकिंग शिकायचंय. घरच्यांना चांगला मुस्लिम जावई हवाय, हिला वर्गातला फिल आवडतो. म्हणजे एकदम आपल्याकडचाच मामला! मग राज्यात दहशतवादी हल्ला होतो आणि संशयित म्हणून जे पहिलं नाव बाहेर येतं, त्याचं आडनाव असतं अझीझ. आईबाबांच्या क्लिनिकची काच फुटते. पण त्याच्याही आधी, नुसती बातमी कळताच, मायाच्या मनात दोन प्रार्थना उमटतात. सगळे सुखरूप असू देत. आणि करणारा मुस्लिम नसू दे.

ही दुसरी प्रार्थना मला तोंडपाठ आहे.

११ जुलै २००६. ऑफिस सुटायच्या वेळी, अवघ्या ११ मिनिटांत, वेस्टर्न लाइनच्या सात गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले. १८०हून जास्त माणसं गेली. त्यात माझा मामू होता. मी तेव्हा नववीत होते. त्या आठवड्यात वर्गातल्या एकीने अगदी सहज विचारलं, ‘‘तुमच्यातलेच होते ना गं?’’ मी काहीच बोलले नाही. मामू गेला हे सांगितलं असतं, तर ते दुःख राहिलं नसतं, पुरावा झाला असता. बघा, आमचाही माणूस गेलाय, म्हणजे आम्ही तसे नाही. मला मामूचं सर्टिफिकेट करायचं नव्हतं. घरी अम्मीला भेटायला येणारी माणसंसुद्धा दोन शब्द तिच्या भावाबद्दल बोलायची आणि मग हळू आवाजात, आता पोलिस कुणाकुणाला उचलतील, याबद्दल.

म्हणून मायाचं पुस्तक मी एका बैठकीत संपवलं. तरी एक गोष्ट खटकली. शेवटी हल्लेखोर निघतो गोरा वर्णद्वेषी. वाचक सुटकेचा श्वास टाकतो, मीही टाकला. पण समजा, तो खरंच अझीझ असता तर? तर मायाचा रडण्याचा हक्क गेला असता का?

याचं उत्तर वेंडी मिल्सच्या ‘ऑल वी हॅव लेफ्ट’मध्ये (२०१६) आहे. इथे पळवाट नाही, कारण हल्ला ९/११चा आहे आणि तो कुणी केला हे जगाला माहितीये. त्या सकाळी सोळा वर्षांची आलिया ट्विन टॉवर्समध्ये असते. मुस्लिम आलिया आणि ट्रॅव्हिस नावाचा मुलगा एकाच इमारतीत अडकतात. १५ वर्षांनंतर ट्रॅव्हिसची बहीण जेसी, भाऊ गेल्यानंतर बापाने जपलेल्या द्वेषातच वाढलेली, त्या दिवसाचा माग काढते. दोघींच्या गोष्टी आळीपाळीने येतात. मारणारे मुस्लिम होते आणि मरणाच्या दारात उभी असलेली आलियाही मुस्लिम. लेखिका दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवते.

हे फक्त कादंबरीतच होतं असं नाही हं. सलमान हमदानी, वय २३, जन्म कराचीचा, न्यूयॉर्क पोलिसांचा कॅडेट. ११ सप्टेंबर २००१ला तो घरी परतलाच नाही. घरचे त्याला शोधत होते आणि तपास करणारे त्याच्याकडेच संशयाने बघत होते. त्याच ऑक्टोबरमध्ये पास झालेल्या पेट्रियट अ‍ॅक्टमध्ये त्याचं नाव हीरो म्हणून आलं. त्याचे अवशेष ओळखले गेल्याचं मात्र घरच्यांना कळलं मार्च २००२मध्ये. इतके महिने त्या आईने दोन आघाड्या सांभाळल्या असणार. एक मुलाच्या वाटेची, दुसरी त्याच्या नावाची.

आणि हो, या कप्प्यात सगळं रडगाणंच नाहीये. ताहेरे माफीच्या ‘अ व्हेरी लार्ज एक्स्पान्स ऑफ सी’मधली (२०१८) शिरीन २००२मध्ये हिजाब घालून शाळेत जाते, सगळ्या जगावर चिडलेली असते आणि ब्रेकडान्स शिकते! तिला कुणाची प्रतिनिधी व्हायचं नाहीये. तिला नाचायचंय आणि प्रेमात पडायचंय, बस्स. मला ती तिघींत जास्त आवडली. नववीत असताना भेटली असती तर बरं झालं असतं.

जोगेश्वरीच्या नाहीतर मुंब्र्याच्या अशाच एखाद्या मुलीची कादंबरी कुणी मराठीत लिहिली, तर पहिल्या दिवशी विकत घेईन. तोवर वीकेंडला सुरुवात करायचीच असेल, तर मिल्सपासून करा.

आणि ऑफिसात पुन्हा कधी तसली ब्रेकिंग न्यूज आलीच (न येवो!), तर शेजारच्या क्यूबिकलमधल्या शेखला नाहीतर अन्सारीला ‘‘तुमच्यात काय म्हणतायत?’’ असं विचारण्याआधी एक साधा प्रश्न विचारा. ‘‘घरचे सगळे पोचले ना रे?’’