राखेची चिमूट

केशोरीच्या जंगलात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरची जनावरं मोजायला मचाणावर बसायचं तर आधी हवा बघावी लागते. हे मला सोबतच्या बाबांनी शिकवलं. त्यांचे वडील शिकारीला जायचे. १९७२ च्या कायद्याने बंदूक गेली, शिकारीतली हवेची जाण मात्र घरात उरली.

चढण्याआधी बाबांनी फडक्यातली राख चिमटीतून सोडली. ती बोडीकडून, म्हणजे समोरच्या छोट्या तळ्याकडून, आमच्याकडे आली. "आंदी हवा पाय, मंग जनावर," ते म्हणाले. काळवीट मोकळ्या माळावर डोळ्यांच्या भरवशावर जगतो. इथे येन-तेंदूच्या दाटीत नजर पोचत नाही, तिथे नाकच कामी येतं.

दिवस कलताना चौसिंगा आला. एकेक पाय उचलून, थबकत. नराच्या डोक्यावर मागची दोन शिंगं जेमतेम बोटाएवढी, पुढची तर नुसती बोंडं. त्याला रोज पाणी लागतं, म्हणून तो पाण्यापासून फार लांब राहत नाही. मान खाली, कान मात्र आमच्याकडे.

अंधार पडला तशी टेकडीवरची हवा गार झाली आणि उतारावरून खाली सरकू लागली. आमच्या मागून, थेट बोडीवर. तेवढ्यात रोही, म्हणजे नीलगाईचा नर, काठाशी आला. त्याने नाक वर केलं, फुर्रकन श्वास सोडला आणि न पिताच वळला. आम्ही हललोसुद्धा नव्हतो. बाबांनी नुसती मान हलवली. रात्री हवा उलटणार, हे त्यांना चढतानाच ठाऊक असावं. पण मचाण वनखात्याचं, ते कुठे हलवणार?

एका वर्षी पौर्णिमेच्या तोंडावर अवकाळी कोसळला. नाल्यानाल्यांत डबकी साचली. मग बोडीवर येतो कोण? रात्रभर डासच. सकाळी परतताना ओल्या मातीत चितळांचे, रानडुकरांचे ताजे खूर जागोजाग उमटलेले, आणि माझ्या हातातला कागद जवळजवळ कोरा. असल्या आकड्यांवरून कुणी 'वन्यजीव घटले' म्हणू लागलं की मला हसू येतं. आता वाघांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपवरून काढतात आणि पाणवठ्याची रात्र बरीचशी हौशी माणसांच्या अनुभवासाठी उरली आहे, हे बरंच झालं. तरी त्या कागदावर आठवडाभरातल्या पावसाचा एक रकाना हवा, असं मी बाबांना म्हटलं.

"आन् हवेचा?" त्यांनी विचारलं.