जहाजावरील शिष्टाचार

कुर्डुवाडीच्या माणसाला गाडी बदलण्याचे नवल नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि अरुंद मार्गावरून आलेला प्रवासी येथेच मोठ्या गाडीत चढू लागला. आता हा प्रवास समुद्रापर्यंत पोहोचला आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून 'कॉर्डेलिया' जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि व्यापारी कुटुंबांतही सागरी सहलीची चर्चा होऊ लागली.

मात्र भाडे भरले म्हणजे तयारी झाली, असे नव्हे. जैन भोजन मिळेल का, एवढेच विचारून भागत नाही. ते सूर्यास्तापूर्वी मिळेल का, हेही आरक्षणाच्या वेळीच विचारावे. अन्यथा चौविहार पाळणारी आजी नातवंडांच्या आनंदात विघ्न नको म्हणून गप्प बसते आणि उपाशी झोपते. बुफेत पोटापुरतेच वाढून घ्यावे. उष्टे टाकणे धर्माला व शिष्टाचाराला सारखेच अमान्य आहे.

सुरक्षा-कवायत कोणीही चुकवू नये. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडले आणि ३२ जणांचे प्राण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती.

खरी कसोटी घरच्यांशी वागण्यात आहे. दुकानाच्या व्यापात ज्या पती-पत्नींना वर्षानुवर्षे निवांत बोलता आले नाही, त्यांना एक संध्याकाळ मोकळी द्यावी. नातवंडे आजी-आजोबांनी सांभाळावीत. तरुणांनीही नवकारशीनंतरची सकाळ वडीलधाऱ्यांसोबत डेकवर घालवावी. किनारा दूर गेला की मोबाइल मुका होतो, बाजारभाव कळत नाहीत. तेवढे तास तरी घरच्यांच्या खाती जमा व्हावेत.