विंचेस्टर १८७३ : पारख आणि मोल

घरातल्या रायफलीची किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर खाली सविस्तर लिहिले आहे.

विंचेस्टर १८७३ ही लिव्हर खाली-वर करून पुढचे काडतूस भरणारी अमेरिकन रायफल. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथील कारखान्यात ती जवळजवळ पन्नास वर्षे बनत राहिली आणि सात लाखांहून अधिक नग बाहेर पडले. म्हणजे ती मुळात दुर्मिळ नव्हे. वृत्तपत्रांत लिलावाचे डोळे दिपवणारे आकडे येतात ते बहुधा 'वन ऑफ वन थाउजंड' या निवडक नळीच्या रायफलींचे असतात. त्या जेमतेम १३० च्या आसपास बनल्या. त्यांच्या भावाने इतरांचे मोल काढण्यात अर्थ नाही.

तिचे तीन प्रकार होते : २४ इंच नळीची रायफल, २० इंची कार्बाइन आणि ३० इंची मस्केट. घरातली रायफल पहिल्या प्रकारातली, अष्टकोनी नळीची आणि दस्त्याला चंद्रकोरीसारखा लोखंडी तळ असलेली. तिचे काडतूस .४४-४०, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची गोळी आणि त्यामागे अडीच ग्रॅमच्या थोडी वर काळी बारूद. हरीण किंवा रानडुकरासाठी हे ठीक. वाघासाठी मात्र फारच तोकडे. विंचेस्टरनेच १८७६ च्या नमुन्यात .५०-९५ एक्सप्रेस काडतूस आणले, त्यात बारूद दुपटीहून जास्त होती. तेव्हा या रायफलीने मारलेल्या वाघाची घरोघर सांगितली जाणारी गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकावी. ती किंमत वाढवत नाही.

तपासणीची सुरुवात ती रिकामी करण्यापासून होते. काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. गंजलेल्या स्प्रिंगमुळे एखादे आत अडकून राहिले तर बाहेरून दिसत नाही. हे काम परवानाधारक बंदूकविक्रेत्याकडेच व्हावे. परवाना नसलेल्या वारसाने ती हाताळणेही कायद्यात बसत नाही.

नंतर अनुक्रमांक. तो चापामागच्या पट्टीवर खालच्या बाजूस कोरलेला असतो. विंचेस्टरच्या जुन्या वह्या अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी येथील संग्रहालयात जपलेल्या आहेत; अनुक्रमांक कळवून शुल्क भरले की मूळ नळी कोणती होती, रायफल गोदामातून कधी निघाली, याचे पत्र मिळते. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाला तिथून मदत करण्यासारखे हेच एक काम आहे. वहीत गोल नळी आणि हातात अष्टकोनी, असे निघाले तर नळी बदललेली. लांबी २४ इंचांहून कमी भरली, तर वहीत खास आखूड नळीची नोंद आहे का ते पाहावे. नसल्यास ती कापलेली. वरची सरकती धूळझाकणी हरवलेली असते किंवा दुसऱ्याच रायफलीची बसवलेली असते, तेही पाहावे.

ब्रिटनमार्गे आलेल्या रायफलीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे ठसे असतात, आणि कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा अशा व्यापाऱ्याचे नाव नळीवर असू शकते. हे दोन्ही रायफलीचा प्रवास सांगणारे पुरावे आहेत. ते पुसलेले नसावेत.

खरी गोम आहे ती पृष्ठभागाची. नळीला मुळात काळसर निळा मुलामा असतो. वापराने आणि हवेने तो तपकिरी होत जातो. जुन्या बंदुकांच्या अमेरिकन प्रतवारीत सगळे भाग मूळ आणि ८० टक्क्यांहून अधिक मुलामा शिल्लक असेल तर 'एक्सलंट', ३० टक्क्यांहून अधिक असेल तर 'फाइन'. मुलामा जवळजवळ गेलेला, पण भाग मूळ, धातू गुळगुळीत आणि कडा तीक्ष्ण असतील, तर तरीही 'व्हेरी गुड'. म्हणजे कडांची धार मुलाम्याइतकीच बोलते. अष्टकोनी नळीचे कोन गोलावले आणि अक्षरे पुसट झाली, की कोणीतरी ती घासली हे उघड होते.

इंदूरच्या मराठी घरांत ही घासणी बहुतेक खंडेनवमीला होते. शस्त्राला हळदकुंकू वाहिल्याने, झेंडू घातल्याने फारसे बिघडत नाही; नंतर कोरड्या फडक्याने पुसून हलके तेल लावले की झाले. नुकसान होते ते पूजेआधीच्या उत्साहात. पॉलिश पेपरने नळी चकचकीत करायची, काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा देवघरातल्या समईबरोबर चिंचेने लख्ख करायचा, आणि त्याच ठोकळ्याच्या तळाशी कोरलेला काडतुसाचा आकडा दरवर्षी थोडा थोडा झिजवायचा. पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने सांभाळलेली रायफल म्हणूनच कधी कधी दुर्लक्षित रायफलीपेक्षा खालच्या प्रतीत जाते. तपकिरी सायीला हात लावू नये.

नळी आतून उजेड धरून पाहतात. काळ्या बारुदीची राख ओल धरते. मालव्याच्या पावसाळ्यात न पुसलेल्या नळीत खड्डे पडतात आणि वेटोळ्या खाचा बोथट होतात. लिव्हर पूर्ण बंद होते का, घोडा अर्ध्या टप्प्यावर पक्का थांबतो का, हे पाहावे. पण गोळी झाडून पाहू नये. या रायफलीची आतली सांधेजोड काळ्या बारुदीच्या दाबापुरतीच आहे.

मोलाचा प्रश्न इथे दुभंगतो. भारतात खासगी व्यक्तीला परदेशी बंदूक आयात करणे अनेक वर्षांपासून जवळजवळ अशक्य आहे. त्यामुळे इथला गिऱ्हाईक चालणारी, चकचकीत रायफल मागतो, आणि विक्रेते नवा मुलामा चढवून देतात. अमेरिकेतला संग्राहक नेमका त्याच मुलाम्यासाठी किंमत पाडतो. इंदुरात भाव वाढवणारी दुरुस्ती तिकडे भाव मारते. दोन्ही बाजारांना खूष करणारी वाट नाही. मूळ रूप एकदा गेले की परत येत नाही, म्हणून मुलामा चढवू नये हेच बरे.

शिवाय तिकडचा भाव इथल्या वारसाच्या हाती येतच नाही. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधीची बंदूक केंद्रीय कायद्याने 'अँटिक' ठरते. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती जुनाट आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला. चालती विंचेस्टर कितीही जुनी असली तरी परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने मिळालेल्याही त्यातच धरतात. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. सामानातून रायफल नेण्याचा विचार सोडलेलाच बरा.

उरतात कागद, आणि इंदुरात त्यांना विशेष वजन आहे. होळकर दरबार, १९४८ पासून मध्यभारत, १९५६ पासून मध्य प्रदेश अशा तीन राजवटी या शहराने पाहिल्या. प्रत्येक राजवटीचा परवाना, त्यावरचा तोच अनुक्रमांक आणि धारकाचे नाव जुळले, तर मालकीची साखळी अखंड सिद्ध होते. शिकारीचा फोटो असल्यास त्यात रायफलीचा दस्ता आणि नळी ओळखू येते का ते भिंगाने पाहावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, होळकरांच्या शिकारीच्या जागेवर रालामंडल अभयारण्य झाले. त्यामुळे असे फोटो नव्याने तयार होणार नाहीत.

परवाने, पावत्या आणि फोटो रायफलीपासून वेगळे, कोरड्या पाकिटात ठेवावेत. त्यांच्या प्रती परदेशातल्या वारसाकडे असाव्यात. रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असेल तर पावतीवर अनुक्रमांक नोंदवून घ्यावा आणि स्थितीचे फोटो काढून ठेवावेत.

कळावे,
काका
इंदूर