निघालो मांडवगडास, पोहोचलो तिरल्यास

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही आमच्या सौभाग्यवतींना एक वचन देऊन बसलो होतो. शाळेत असताना त्यांनी कोठल्याशा पुस्तकात मांडवगडच्या जहाजमहालाचे चित्र पाहिले होते. दोन तळ्यांच्या मधोमध उभा असलेला तो महाल एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ," असे आम्ही म्हणालो. त्या पुढच्या वर्षाला चोवीस वर्षे लागली! मुले झाली, घर बांधणे झाले, म्हातारी माणसे आजारी पडली, विहिरीला पाणी लागेना. वाचकहो, आपणापैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे वचन फडताळात पडून असेल.

सौभाग्यवती पालघर जिल्ह्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहेत. इंदूर येथे सिकल सेल या रक्ताच्या आजारावर तीन दिवसांची परिषद भरणार असून तीस त्यांनी जावे, असे त्यांच्या वरिष्ठांनी ठरविले. त्यांचे भाडे रुग्णालय देणार, आमचे आम्ही. इंदुराहून मांडवगड शंभर किलोमीटरांच्या आतच. आम्ही पेशाने शिक्षक, हिशेबाला पक्के. परिषदेचे पहिले दोन दिवस त्यांनी व्याख्याने ऐकावीत, तिसरा दिवस सोडून द्यावा, आणि उभयतांनी मांडवगड गाठावे, असा बेत आम्ही परस्पर आखला. फेब्रुवारीच्या अखेरीस बोरिवलीहून रात्रीची गाडी धरली.

पहाटे उज्जैन मागे पडले आणि देवास आले. देवासची गंमत अशी की, या एका गावात पवार घराण्याची दोन राज्ये नांदत होती. तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, गाव मात्र एकच. भाऊबंदकीत बांध कोरणाऱ्या आपल्या लोकांस हे ऐकून बरेच वाटेल! गाडी पुढे निघाली. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि पिकत आलेला गहू. आमच्या वाडीतील वालुकामय मातीची सवय असलेल्या डोळ्यांना ती काळी माती पाहूनच तृप्ती आली.

पहिला दिवस होळकरांचा राजवाडा आणि बाजार पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती परिषदेला गेल्या, आणि वाट पाहून ठेवावी म्हणून आम्ही एकटेच बसने धारकडे निघालो.

धार ही राजा भोजाची नगरी, पण आम्हांस तेथे ओढ होती ती किल्ल्याची. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई संकटकाळी या किल्ल्यात आश्रयाला होत्या आणि येथेच १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मास आला. यशवंतराव होळकरांपुढे पुण्यात टिकाव न लागता पळालेला हाच बाजीराव वसईस आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. तोच वसईचा तह. ज्याच्या सहीने आपल्या वसईचे नाव देशाच्या इतिहासात कायमचे लागले, तो मनुष्य या तांबूस तटांच्या आत रांगत होता, हे मनात येऊन आम्ही तेथे बराच वेळ उभे राहिलो. पुढे लाट मशीद पाहिली. दिलावरखानाने १४०५ साली बांधलेल्या या मशिदीजवळ एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवले आहेत. तिन्ही जोडले तर चाळीस फुटांवर उंची भरेल.

धारपासून मांडवगड सुमारे ३५ किलोमीटर. दरी ओलांडून गडाच्या पठारावर येताच अवाढव्य बुंध्यांची गोरखचिंचेची झाडे दिसू लागतात. इकडे त्यांना मांडूची चिंच म्हणतात. मुळाकडचा भाग आभाळाकडे करून कोणी रोवली असावीत, अशी त्यांची ठेवण. होशंगशहाची संगमरवरी कबर पाहिली. १६५९ साली शहाजहानचे वास्तुशिल्पी ती मुद्दाम पाहावयास आले होते, असा लेख तिच्या द्वारावर आहे. मुंज आणि कपूर या तलावांमधील जहाजमहाल चारशे फूट लांब आहे. गच्चीवर उभे राहिले की, आपण नांगर टाकलेल्या गलबतावर आहोत असेच वाटते. शेवटी टोकावरच्या रूपमतीच्या छत्रीत गेलो. खाली निमाडचे मैदान, आणि दूर धुक्यात नर्मदेची एक रुपेरी रेघ. १५६१ साली अकबराचा सरदार आदमखान चालून आला, बाजबहादूर पळाला, आणि रूपमतीने विष घेतले, अशी हकिकत सांगतात. 'उद्या हे सारे सौभाग्यवतींना दाखवू,' असे म्हणत आम्ही आनंदाने परतलो.

रात्री त्या म्हणाल्या, "उद्या मला मांडवगडास येता येणार नाही. तिरल्याच्या बाजूला तपासणीचे शिबिर आहे. परिचारिका कमी पडत होत्या. मी नाव दिले."

"न विचारता?" आम्ही म्हणालो.

"विचारले असते, तर तुम्ही नको म्हणाला असता."

हे खरे होते, आणि म्हणूनच आम्हांस अधिक राग आला. परवा सकाळी परतीची गाडी. चोवीस वर्षांचे वचन एका रात्रीत बुडाले, आणि तेही आम्ही बुडविले नसता! आम्ही पुष्कळ बोललो. त्या गप्प राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही तेथे नुसते बसा. पण या." सकाळी तोंड वाकडे करून आम्ही त्यांच्या मोटारीत बसलो.

तिरला धारच्या पश्चिमेस, जवळच आहे. वाटेत राग विसरावा म्हणून आम्ही इतिहास आठवू लागलो. जुन्या ग्रंथांत १७३१ सालची तिरल्याची लढाई वर्णिली आहे. पुढील संशोधकांनी मात्र असे दाखविले की, मोगलांचा माळव्याचा सुभेदार गिरधरबहादूर आणि त्याचा आप्त दयाबहादूर हे दोघेही त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या अमझेरा येथे २९ नोव्हेंबर १७२८ रोजी पडले. त्या दिवशी मराठ्यांचा सेनापती होता चिमाजी अप्पा. साडेदहा वर्षांनी, मे १७३९ मध्ये, वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला तो याच चिमाजी अप्पाने. आमच्या वसईच्या घंटा ज्याने नेल्या, त्याच्या घोड्यांच्या टापा आधी या मातीत उमटल्या होत्या! पण लढाईची खूण आज तेथे शोधून सापडत नाही. शेते आहेत, पळसाला नुकतीच फुले आली आहेत, आणि भिल्लांची विखुरलेली घरे आहेत.

शिबिर एका शाळेच्या पडवीत होते. बायाबापड्या लेकरांना घेऊन रांगेत बसल्या होत्या. सौभाग्यवती टेबलाशी बसून बोटातून रक्ताचा थेंब काढीत होत्या. घरी भाकरी थापणारे, भाजी निवडणारे ते हात. पण येथे ते असे काही चपळ आणि शांत चालत होते की, जणू आम्ही ते प्रथमच पाहत होतो. चोवीस वर्षांत आम्ही त्यांचे काम एकदाही पाहिले नव्हते, हे त्या वेळी ध्यानी आले.

दुपारी एक तरुण सून आपल्या सासूबरोबर आली. कडेवर तीन वर्षांचे मूल, डोळे पिवळट, हाडे दुखतात म्हणून कण्हणारे. यापूर्वी एक मूल गेलेले. "हिच्या पोटालाच खोड आहे," सासू म्हणाली. "पोराला दुसरी करून द्यावी असे घरी बोलणे चालले आहे." सून खाली पाहत होती. मूल, ती आणि तिचा नवरा, तिघांचीही तपासणी मागील शिबिरात झाली होती. निकालाचे कागद आले होते.

सौभाग्यवतींनी कागद बाजूला ठेवला आणि कोणाकडून तरी मक्याचे दाणे मागविले. दोन पांढरे व दोन पिवळे निवडले. म्हणाल्या, "आई, प्रत्येक माणसाच्या रक्ताचे दोन दाणे असतात. एक बापाचा, एक आईचा. पांढरा चांगला, पिवळा रोगाचा. तुमच्या लेकाजवळ एक पांढरा, एक पिवळा. सुनेजवळही तसेच. एक पिवळा असला, तरी माणूस धडधाकट असतो. म्हणून कोणाला कळले नाही. मूल दोघांकडून एकेक दाणा घेते. दोन्ही पिवळे आले, तर हा आजार." मग दाणे जुळवून त्यांनी दाखविले : चार जोड्या, त्यांत पिवळी एकच. दर खेपेला नव्याने चारांत एक धोका.

सासू दाण्यांकडे पाहत राहिली. हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्या लेकाचाही एक?"

"होय. निम्मा त्याचा, निम्मा हिचा. खोड कोणाचीच नाही. लेकाला दुसरी करून दिलीत आणि तिच्याजवळही पिवळा दाणा निघाला, तर पुन्हा हेच."

सून तोवर काही बोलली नव्हती. तिने पदर सारून प्रथमच वर पाहिले. मग तिला गोळ्या कशा द्यायच्या, पोराला पाणी भरपूर पाजायचे, थंडीपासून जपायचे आणि ताप आला की तडक दवाखाना गाठायचा, हे समजावून सांगितले. सासूने दाणे पदराच्या गाठीत बांधून घेतले. "घरी बुढ्याला दाखवीन," म्हणाली.

हा आजार फक्त तिकडचा नाही. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत झाली. आज तो नंदुरबार, गडचिरोलीपासून आपल्या पालघरच्या पाड्यांपर्यंत आहे. पूर्वी हिवतापाचा जोर असलेल्या मुलखात तो विशेष आढळतो, कारण एकच सदोष दाणा असणाऱ्यास हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. देशात त्याच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच शहडोल येथे सुरू झाली. साधी रक्ततपासणी लग्नाआधी झाली, तर पुढचे पुष्कळ दुःख टळते.

शिबिर चारला आटोपले. आम्हीच मोटारवाल्याला म्हणालो, "मांडवगडास जाता येईल काय?" गेलो, परंतु पोहोचेतो सूर्य मावळला आणि पाहण्याच्या जागांची दारे लागली. तलावाच्या पलीकडे जहाजमहालाची काळी आकृती तेवढी दिसत होती. चहाच्या टपरीवर बसून आम्ही त्यांना सारे सांगितले : गच्ची कशी आहे, नर्मदा किती दूर दिसते, कबरीचा दगड किती गार लागतो. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "चित्रात होता त्यापेक्षा मोठा आहे." एवढेच.

पाहावयाचे राहिले ते त्यांचे होते; रुसलो होतो आम्ही. परतीच्या गाडीत आम्ही नवे वचन दिले नाही. पुढील पावसाळ्यातील सुटीची तारीख ठरविली आणि बोरिवलीस उतरताच दोन तिकिटे काढली.

आपल्या घरातही आता नवरा किंवा बायको कामानिमित्त परगावी जाते आणि दुसरे सोबत जाते. जरूर जावे, स्थळे जरूर पाहावीत. मात्र एक दिवस, ज्या कामासाठी घरचे माणूस आले, ते काम पाहण्यास राखून ठेवावा. आणि घरी लग्नाची बोलणी चालू असतील, तर मुलामुलींच्या रक्ताची तपासणी याद्यांच्या आधी करून घ्यावी. तिरल्याच्या त्या सासूने पदरात बांधलेले चार दाणे आम्ही अद्याप विसरलो नाही. आपणही विसरू नयेत.